वाढत्या अंगाचा हॅमॉक

गेल्या आठवड्यात कॅम्पिंगचं सामान बाहेर काढलं, लेकीला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि मोजलं तर १२९ सेंटीमीटर. मागच्या वर्षी १२३ होती. मग तिचा हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी) जमिनीवर पसरला, दोन्ही टोकांच्या गाठी सोडल्या, दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच सेंटीमीटर बाहेर सरकवून परत बांधल्या, मी स्वतः आत बसून बघितलं आणि झालं, हॅमॉक एका वर्षाने मोठा झाला. पाच-दहा मिनिटांचं काम. पण हे एवढं सोपं व्हायला मला तीन हॅमॉक शिवावे लागले आणि त्यातले पहिले दोन का फसले ते नीट सांगावंसं वाटतंय, कारण मुलांसाठी हॅमॉक शिवायचा म्हटलं की बहुतेक जण मोठ्यांच्याच मापाचं काहीतरी थोडं कापून बघतात, मीही तेच केलं होतं.

ती पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही तिला माझ्याच हॅमॉकमध्ये झोपवायचो. माझा ११ फुटी, म्हणजे साधारण ३३५ सेंटीमीटर लांब आणि दीड मीटर रुंद. आता एवढ्या मोठ्या कापडात ११० सेंटीमीटरचं पोर झोपवलं की काय होतं, ते घसरत घसरत बरोब्बर मधल्या खोलगट भागात जातं आणि दोन्ही बाजूंनी कापड वर येऊन मिटतं, शेंगेत दाणा असतो तसं. तिला मजा वाटायची, मला मात्र रात्रभर झोप लागायची नाही कारण कापड तोंडावर तर आलं नाही ना हे बघायला मी सारखा उठायचो. शिवाय पाठीचं वेटोळं व्हायचं. हॅमॉकमध्ये सरळ लांबीच्या रेषेत कुणी झोपतच नाही, जरा तिरपं झोपायचं असतं, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, मग पाठ बऱ्यापैकी सपाट होते. पण हे तिरपं झोपणं जमायला अंगाची लांबी आणि कापडाची लांबी यांचा मेळ लागतो. मोठ्या कापडात लहान मूल तिरपं ठेवलं तरी परत गोळा होऊन मधेच येतं.

तो मेळ साधारण असा आहे की गाठीपासून गाठीपर्यंत कापडाची लांबी उंचीच्या पावणेदोन ते एक पूर्णांक आठ दशांश पट असावी. सहा फुटी माणसाला ११ फुटी हॅमॉक बरा पडतो तो याच हिशेबाने. मी १.८ धरतो. ११० सेंटीमीटरच्या मुलीला १९८, म्हणजे दोन मीटर.

तर पहिला हॅमॉक दोन मीटरचा. कडा दुमडून शिवल्या, दोन्ही टोकांना नेफा केला, पायजम्याला असतो तसाच, त्यातून दोरी ओवली, कापडाच्या चुण्या गोळा करून दोरी आवळली. तिला तो इतका आवडला की घरातसुद्धा तोच पांघरून बसायची. आणि सव्वा वर्षात तिचे पाय टोकाच्या चुण्यांमध्ये अडकायला लागले. लहान मुलांची उंची चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते, हे मला माहीत होतं, पण कापड कापताना मी तिच्या त्या दिवसाच्या मापालाच कापलं. आई माझ्या शेजारी बसून बघत होती (मशीन तिचंच, मला शिवायला तिनेच शिकवलं), ती तेव्हाच म्हणाली होती, "अरे, वाढत्या अंगाचं शीव की, पोरगी काय एवढीच राहणारे का?"

वाढत्या अंगाचं म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहितीये. फ्रॉकला खाली आत दुमडून ठेवलेलं कापड, बाजूंना मार्जिन, मूल वाढलं की शिलाई उसवायची आणि फ्रॉक लांब. दुसरा हॅमॉक मी अगदी तसाच केला. कापड लांब घेतलं आणि दोन्ही टोकांकडे, नेफ्याच्या आत हातभर अंतरावर, कापडाला आडवी दुमड घालून त्यावर टीप मारली, म्हणजे प्रत्येक टोकाला साडेपाच सेंटीमीटर कापड त्या दुमडीत लपलं. डोक्यात हिशेब असा की ती वाढली की टीप उसवायची.

ती ११७ वरून १२३ झाली, मी टीप उसवली आणि कापड उजेडासमोर धरलं. आडव्या रेषेत सुईच्या भोकांची अख्खी रांग, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. सुती कापडात धागे परत सरकून भोकं बुजतात, चांगलं धुतलं की दिसतही नाहीत. सिंथेटिक घट्ट विणीच्या कापडात तसं होत नाही, भोक पडलं की पडलं. आणि फ्रॉकवर कुणी झोपत नाही! हॅमॉकमध्ये सगळा ताण लांबीच्या दिशेने जातो आणि माझी भोकांची रांग त्या ताणाला बरोब्बर आडवी होती, म्हणजे तिकिटावर फाडायला भोकं पाडलेली असतात तशीच रचना मी मुलीच्या डोक्याजवळ आणि पायाजवळ करून ठेवली होती. मी आत बसून बघितलं तर गोल भोकं लांबट झालेली दिसली. फाटलं नाही, पण मी तो हॅमॉक त्याच दिवशी मोडला आणि त्याच्या पिशव्या केल्या.

मग तिसरा, आत्ता आहे तो. यात एक नियम पाळला, ताण जाणाऱ्या कापडात आडवी शिलाई कुठेच नाही. नेफाच काढून टाकला. लांबी कमीजास्त होते ती फक्त गाठीने.

गाठ आहे शीट बेंड. नावातली शीट म्हणजे चादर नाही, शिडाला ताब्यात ठेवणारी जी दोरी असते तिला खलाशी शीट म्हणतात, त्यावरून ते नाव. दोरी आणि कापडाचा कोपरा, किंवा जाड दोर आणि बारीक दोर असं विजोड काही एकत्र बांधायला ही गाठ उत्तम. करायचं असं की कापडाचं टोक नीट एकसारख्या चुण्या घालून गोळा करायचं, पंख्याच्या घडीसारखं, साधारण पाच-पाच सेंटीमीटरची एकेक घडी. इथे घाई करू नका, चुण्या वाकड्या गोळा झाल्या की हॅमॉक एका काठाला ताठ आणि दुसऱ्या काठाला ढिला पडतो आणि मूल एका बाजूला लोळत राहतं. मग ती जुडी जिथे खूण केलीये तिथे उलटी वाकवायची, म्हणजे इंग्रजी यू सारखा आकार होतो. दोरी त्या यूच्या आतून खालून वर आणायची, मागून दोन्ही पायांना वेढा घालायचा, परत एक वेढा घालायचा (दुहेरी करा, कापड गुळगुळीत असतं) आणि टोक स्वतःच्याच दोरीखालून काढायचं, यूमधून परत नाही. शेवटी बघा की कापडाचं मोकळं टोक आणि दोरीचं मोकळं टोक एकाच बाजूला आलीयेत, विरुद्ध बाजूंना आली तर गाठ कमी भरवशाची होते. भार पडला की ती आवळत जाते आणि भार काढल्यावर यूचा वळसा जरा पुढेमागे हलवला की सुटते. मुलांच्या हॅमॉकला मला हेच हवं होतं, झोपल्यावर निरगाठीसारखी घट्ट आणि वर्षाने सोडायची तेव्हा सुरगाठीसारखी.

कापडाचं माप आता सांगतो. मी शेवटचं माप आधी ठरवलं, १५० सेंटीमीटर उंचीचं मूल. त्याला १.८ पट म्हणजे २७०. दोन्ही टोकांना गाठीबाहेर किमान २५-२५ सेंटीमीटर शेपूट राहिलंच पाहिजे, त्यापेक्षा कमी ठेवू नका. एकूण ३२० सेंटीमीटर. १२३ ला मधली लांबी २२१ होती आणि शेपटं जवळजवळ पन्नास-पन्नासची. आता २३२ आणि शेपटं ४४ ची. एवढी लांब शेपटं लोंबकळत ठेवायची नाहीत, मी ती गुंडाळून रुंद इलॅस्टिकच्या पट्टीने गाठीलाच बांधून टाकतो. कापडाच्या काठावर मी पक्क्या शाईच्या पेनाने दर साडेपाच सेंटीमीटरला खुणा करून ठेवल्यात, दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर, म्हणजे दरवर्षी मोजत बसायला नको, मूल सहा सेंटीमीटर वाढलं की एक खूण पुढे.

रुंदीला मात्र असा उपाय मला सापडला नाही. मी १२० घेतली. लहान असताना ती थोडी जास्त होते आणि मोठेपणी थोडी कमी पडेल, मधलं माप आहे. आत्ता जास्तीचं कापड तोंडाकडे येऊ नये म्हणून डोक्याच्या बाजूच्या काठाला मध्याच्या जरा पुढे एक छोटा लूप शिवलाय (तो काठाच्या दुमडीवर, मधल्या कापडात नाही) आणि त्यातून इलॅस्टिकची दोरी बाहेरच्या बाजूला जमिनीतल्या खुंटीला बांधतो. काठ बाहेर ओढला जातो, तोंड मोकळं राहतं.

कापड रिपस्टॉप नायलॉन, चौरस मीटरला ६५ ग्रॅमच्या आसपासचं. रिपस्टॉप म्हणजे ज्याच्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट दिसते, छोटं भोक पडलं तर ते चौकटीशी अडतं, पुढे फाटत जात नाही. पातळ ३५-४० ग्रॅमचं मिळतं आणि वजनाला छान वाटतं, पण मुलं हॅमॉकमध्ये नुसती झोपत नाहीत, उभी राहतात, उड्या मारतात, भावंडांना आत ओढतात. म्हणून जाडच घ्या. सुती कापड अंगाला छान लागतं पण भिजलं की लवकर वाळत नाही आणि ओलं ठेवलं की बुरशी धरतं. नायलॉनचाही एक गुण लक्षात ठेवा, ओलं झालं की ते थोडं ताणतं, संध्याकाळी बांधलेला हॅमॉक रात्री दव पडल्यावर सकाळी खाली आलेला असतो. आणि सतत उन्हात राहिलं की कमकुवत होतं, म्हणून वापर झाला की लगेच काढून ठेवायचा, टांगून विसरायचा नाही.

शिवायचं काम त्यामुळे अगदी थोडं उरतं, फक्त दोन लांब काठ. एक-एक सेंटीमीटरची दोनदा दुमड आणि त्यावर सरळ टीप. टाका तीन मिलिमीटरचा, फार बारीक टाके घातले की तेवढीच जास्त भोकं. सुई ८० नंबरची, नवी, अणकुचीदार. दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्यांऐवजी कपड्यांचे छोटे चिमटे लावले कारण टाचणीनेही भोक पडतंच. कापड मशीनखाली पाण्यासारखं पळतं, एक हात पुढे एक हात मागे धरून दोन्हीकडून हलकं ताणत चालवायचं, ओढायचं नाही. कापलेल्या आडव्या टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून कडा भराभर फिरवली की ती वितळून बंद होते, ज्योतीत घालायची नाही, आणि हे खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.

दोरी आणि पट्ट्यांत काटकसर नको. मूल वीस-पंचवीस किलोचं आहे म्हणून दोरी बारीक घेऊ असं मनात येतं, माझ्याही आलं होतं. पण एकतर शेजारी बसून थोपटायला मोठं माणूस आत बसतंच बसतं, आणि दुसरं म्हणजे दोरीवरचा भार हा वजनाएवढा नसतो, तो कोनावर ठरतो. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर वजनाएवढा ताण येतो, २५ किलोच्या मुलाला २५ किलो. तीच दोरी ताठ ओढून १० अंशावर आणली तर ७२ किलो आणि ५ अंशावर १४३ किलो! हॅमॉक ताठ बांधला की सपाट होईल असं सगळ्यांना वाटतं, होतं उलटंच, काठ आवळून वर येतात, आत बसलेलं मूल जरा कललं की उलटतं, आणि दोरी, गाठ, झाड सगळ्यांवर सहापट ताण. केळ्यासारखा ढिला लोंबलेला हॅमॉकच चांगला.

३० अंश कसे ओळखायचे? झाडापासून आडवं एक मीटर गेलं की दोरी ५८ सेंटीमीटर खाली यायला पाहिजे. टेप नसेल तर माझी युक्ती अशी की दोन्ही गाठींमधलं सरळ अंतर आधीच मापाने कापून ठेवलेल्या दोरीने बघायचं, ते कापडाच्या लांबीच्या ८३ टक्के आलं की कोन आपोआप तीसच्या आसपास असतो. आत्ताच्या २३२ ला ते १९३ येतं. मोठ्यांच्या हॅमॉकला यासाठी वरून एक कायमची दोरी लावलेली असते. लेकीच्या हॅमॉकला मी ती लावत नाही, मापाची दोरी बांधताना लावतो आणि बांधून झालं की काढतो. मुलाच्या मानेच्या वर दोरी नको, एवढंच कारण आणि ते मला पुरेसं आहे.

झाडाभोवती दोरी नाही, पॉलिएस्टरची २५ मिलिमीटर रुंद पट्टी. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर दुखावतो, पट्टी भार पसरवते. पॉलिएस्टरच का तर नायलॉनच्या पट्ट्या ताणतात. पट्टीच्या टोकाला लूप करून तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारलीये, दोनदा. कापडाच्या गाठीतली दोरी सहा मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर, तिच्या दुसऱ्या टोकाला बोलाइनचा फासा (भार आला तरी न आवळणारा) आणि पट्टी-दोरी जोडायला कॅरॅबिनर, म्हणजे झडपेचं धातूचं कडं, ज्याच्यावर भाराचा आकडा कोरलेला असतो ते, किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात ते नाही.

झाडं जिवंत हवीत, मनगटाएवढी बारीक नकोत, निदान पंधरा सेंटीमीटर जाडीची, आणि बांधायच्या आधी वर बघायचं, वाळकी फांदी लटकत असेल तर ती जागा सोडायची. घरी सराव करायचा असेल तर विटांच्या खांबाला किंवा फाटकाच्या कॉलमला कधीच बांधू नका, असे खांब वरून दाबणारा भार पेलायला असतात, आडवा ओढला की अख्खा खांब आतल्या माणसावर येतो, यात माणसं गेलेली आहेत. झाडांत साडेतीन मीटर अंतर असेल तर पट्टी १४५ सेंटीमीटरच्या आसपास बांधली की मूल बसल्यावर खालचा भाग जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर येतो. त्याच्या वर नको. पडणार हे धरून चालायचं, म्हणून खालचे दगड, खुंट आधी हाताने चाचपून काढायचे. गंमत म्हणजे हॅमॉक वाढत गेला तरी ही पट्टीची उंची जवळपास तीच राहते, कारण कापडाचा झोल वाढतो तेवढी बाजूची दोरी आखूड होते. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं आणि फार छान वाटलं.

जाळीचा हॅमॉक मुलांसाठी करू नका. १९९६ साली अमेरिकेत जाळीचे छोटे हॅमॉक लाखोंच्या संख्येने परत मागवले होते, मुलं जाळीत गुंतून गळा आवळून दगावली होती, आणि ती तान्ही नव्हती, पाच ते सतरा वर्षांची होती. त्यामुळे अख्खं कापडच. आणि तान्ह्या बाळाला तर या असल्या हॅमॉकमध्ये झोपवायचंच नाही, बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो, त्यांना सपाट आणि टणक जागाच लागते. आमच्याकडे लेक पाच वर्षांची झाल्यावर सुरू केलं आणि अजूनही रात्री तिचा हॅमॉक माझ्या हाताच्या अंतरावर असतो.

थंडीचं राहिलंच. हॅमॉकमध्ये खालून गार लागतं, कारण स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब त्या हवेचीच असते. आधी फोमची चटई आत घालून बघितली, ती रात्रीतून तिच्या डोक्यावरून बाहेर पडायची. मग एका जुन्या रजईचे दोन तुकडे केले, त्यातल्या एकाच्या कडांना इलॅस्टिक ओवलं आणि तो हॅमॉकच्या खालून बाहेरच्या बाजूने टांगला, अंगाला टेकेल पण दाबला जाणार नाही असा. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आला की पुरतं, पायाखाली छोटी उशी ठेवते ती. तो तुकडाही मुद्दाम जरा लांबच कापलाय.

यंदा गाठ सरकवताना लेक म्हणाली, बाबा मी बांधते. मी फक्त चुण्या धरून ठेवल्या. तिने दोरी खालून वर आणली, मागून दोन वेढे घातले, आणि मग टोक यूमधून परत घालायला गेली, तिथे थांबली, जरा विचार केला आणि स्वतःच दोरीखालून काढलं. मी बसून बघितलं, हळूहळू पूर्ण वजन टाकलं, गाठ जागेवर. मग तिने पेन मागितलं आणि सोडलेल्या खुणेशेजारी १२३ आणि नव्या खुणेशेजारी १२९ असं लिहिलं. काठावर अजून तीन खुणा मोकळ्या आहेत, तिने बोट ठेवून मोजल्या.